मुलांना घेऊन गोव्याचं विज्ञान केंद्र: दोन-अडीच तास नीट कसे वापरावेत

पणजीत मिरामारला समुद्राच्या अगदी जवळ गोवा विज्ञान केंद्र आहे. ते 2001 च्या डिसेंबरात सुरू झालं. कोलकात्याची राष्ट्रीय विज्ञान संग्रहालय परिषद ते चालवते. मुंबईचं वरळीचं नेहरू विज्ञान केंद्रही याच परिषदेचं, त्यामुळे ज्यांनी ते पाहिलंय त्यांना इथली धाटणी ओळखीची वाटेल. फरक आकाराचा आहे. वरळीला अख्खा दिवस जातो आणि तरी निम्मं राहतं. इथे आतली दालनं, बाहेरची बाग आणि एखादा खेळ धरून दोन-अडीच तासांत काम होतं. लहान असण्याचा इथे फायदाच आहे, कारण मुलाला एखादा प्रयोग आवडला तर त्याच्याकडे दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा परत येता येतं.

पहिल्यांदा जाणाऱ्यांची नेहमीची चूक एकच: सगळं बघायचं ठरवून आत शिरणं. मग मूल बटण दाबतं, काही हलतं, आणि ते हलायचं थांबायच्या आत पुढचं बटण दाबलेलं असतं. चाळीस प्रयोग होतात आणि रात्री विचारलं तर एकही धड सांगता येत नाही. त्यापेक्षा पाच-सहा प्रयोग निवडा आणि प्रत्येकाला दहा मिनिटं द्या. बाकीचे येता-जाता बघितले तरी चालतात.

दिवस आणि वेळ

डिसेंबर ते फेब्रुवारी हा शाळांच्या सहलींचा हंगाम. गोव्यातल्या शाळा तर येतातच, शिवाय बेळगाव, कोल्हापूर, सिंधुदुर्गाकडून बसगाड्या भरभरून येतात. सहलीची मुलं बहुधा सकाळीच येतात, त्यामुळे या महिन्यांत दुपारी अडीचनंतरची वेळ बरी. आत असताना एखादी तुकडी आलीच तर तिच्याशी स्पर्धा करू नका. बाजूला बसा, मुलांना पाणी द्या. बाईंना रांग पुढे न्यायची असते, त्यामुळे दहा-पंधरा मिनिटांत दालन मोकळं होतं.

रविवारी संध्याकाळी मिरामारच्या किनाऱ्यावर सगळी पणजी लोटते आणि गाडी लावायला जागा मिळत नाही. गाडीने येत असाल तर रविवार टाळा किंवा तीनच्या आत पोहोचा.

जून ते सप्टेंबर हा खरं तर अशा ठिकाणी जायचा उत्तम काळ, कारण किनाऱ्यावर तेव्हा काही करता येत नाही. पण दोन गोष्टी आधीच मान्य करून निघा. बाहेरची बाग भिजलेली असते, तिथल्या पायऱ्या आणि लोखंडी उपकरणं निसरडी होतात. आणि स्थिर विजेचे प्रयोग, म्हणजे चकचकीत धातूच्या गोळ्याला हात लावला की केस उभे राहतात तसले, पावसाळ्यात नीट चालत नाहीत. दमट हवेत पृष्ठभागांवर पाण्याचा पातळ थर बसतो आणि साठलेला विद्युतभार त्यावरून निसटून जातो. उपकरण बिघडलेलं नसतं. मुलाला हेच कारण सांगा, केस उभे राहण्याइतकंच ते मोलाचं आहे. (आजी-आजोबांपैकी कुणाला पेसमेकर असेल तर त्यांनी या प्रयोगापासून लांबच राहावं.)

निघण्याच्या दिवशी सकाळी फोन करून तीन गोष्टी विचारा: आज चालू आहे का, शेवटचं तिकीट किती वाजता देता, आणि थ्रीडी खेळ व तारांगण यांच्या वेळा काय. सरकारी सुट्ट्या आणि दुरुस्तीची कामं यामुळे बेत फिसकटतो तो नेमका हे न विचारल्यामुळे.

पोहोचणं आणि पिशवी

पणजीच्या कदंब (गोव्याची सरकारी बससेवा) बसस्थानकावरून मिरामार चार-पाच किलोमीटर आहे. "मिरामार, दोनापावल" असं कंडक्टर ओरडत असतो, त्या बसमध्ये चढायचं. बस मांडवीच्या काठाने जाते. खिडकी नदीच्या बाजूची, म्हणजे उजवीकडची धरा. मडगावहून येणाऱ्यांनी कदंबची पणजी शटल पकडून स्थानकावर बस बदलावी. कोकण रेल्वेने आलात तर पणजीला सर्वांत जवळचं स्टेशन करमळी, साधारण 12 किलोमीटरवर. मात्र सगळ्या गाड्या तिथे थांबत नाहीत, थिवी किंवा मडगावला उतरावं लागतं.

दोन मुलं आणि दोन मोठी माणसं एका भाड्याच्या स्कूटरवर बसतात, हे दृश्य गोव्यात रोज दिसतं आणि रोज जीव खाली-वर होतो. चार वर्षांवरच्या मुलाला कायद्यानेही हेल्मेट लागतं आणि भाड्याने देणाऱ्यांकडे मुलांच्या मापाचं क्वचितच असतं. मोठ्यांचं हेल्मेट मुलाच्या डोक्यावर डगमगत असेल तर त्याचा उपयोग नाही. मोटरसायकलवरचा पायलट, म्हणजे भाडं घेऊन मागे बसवून नेणारा, एकट्या माणसासाठी ठीक, कुटुंबासाठी टॅक्सी किंवा बस.

पिशवीत जास्त काही नको. माणशी अर्धा लिटर पाणी, पुसायला एक जुना रुमाल, आणि एक वही-पेन्सिल. मोबाईलमध्ये सेकंद मोजायचं घड्याळ असतंच. पायात मागे पट्टा असलेली चप्पल किंवा बूट घालून या. समुद्रावरून थेट आलेल्या ओल्या स्लिपरा फिरत्या तबकडीवर आणि सायकलच्या पायट्यावर घसरतात, हा इथला सर्वांत साधा अपघात. तारांगणात खाली बसावं लागलं तर ओली चड्डीही त्रास देते. म्हणून आधी केंद्र, मग समुद्र, हा क्रम पक्का ठेवा.

जेवण बाराच्या सुमाराला आणि हलकं. फिश थाळी पोटभर हाणून आलेलं मूल तीन वाजता पेंगतं. पणजीत पातळ भाजी-पाव आणि सोबत एखादा गोड बन मुलांना पुरतो. "पावभाजी" मागितलीत तर मुंबईची तव्यावरची येईल. गोव्याची हवी असेल तर "पातळ भाजी-पाव" असंच म्हणायचं.

तिकीट खिडकीवर

प्रवेशाचं तिकीट वेगळं आणि खेळांची तिकिटं वेगळी असतात. आधी खेळांच्या वेळा बघा आणि त्याभोवती बाकीचा वेळ बसवा. पोहोचल्यावर निदान चाळीस मिनिटांनी सुरू होणारा खेळ घ्या. लगेचचा घेतला तर बाहेरून उन्हातून आलेली मुलं अंधारात शिरतात आणि चुळबुळ करतात. खूप उशिराचा घेतला तर शेवटचा तास "कधी सुरू होणार" यातच जातो. लहान केंद्रांत कधी कधी पुरेशी माणसं जमली तरच खेळ लावतात, तेव्हा खिडकीवर विचारून ठेवा.

आत शिरण्याआधी शौचालय. सगळ्यांनी. नाही म्हणणाऱ्यांनीसुद्धा.

आतलं काम

मांडणी बदलत राहते, एखादं उपकरण दुरुस्तीला गेलेलं असतं. पण पुढचे प्रयोग परिषदेच्या बहुतेक केंद्रांत कुठल्या ना कुठल्या रूपात भेटतात. समोर आले तर सोडू नका.

त्याआधी बटणाबद्दल. पुष्कळशी उपकरणं ठरावीक वेळ चालून आपोआप थांबतात. मधेच बटण पुन्हा दाबून काही होत नाही, फक्त बटण सैल होतं. मुलांना नियम असा घालून द्या: दाबायच्या आधी काय होईल ते सांगायचं, मग दाबायचं, आणि पूर्ण थांबेपर्यंत हात मागे. अंदाज चुकला तर फारच उत्तम, कारण चुकलेला अंदाज मूल विसरत नाही.

फलक मोठ्याने वाचून दाखवू नका. फलकावर उत्तर असतं, आणि उत्तर आधी कळलं की हाताला काम राहत नाही. तुम्ही स्वतः फलक चोरून वाचा आणि मुलाला प्रश्न विचारा: "आता उलटं फिरवलं तर?" एवढ्यावर अर्धं काम होतं.

कुजबुजणाऱ्या थाळ्या हा बागेतला प्रयोग. डिश अँटेनासारख्या दोन मोठ्या थाळ्या लांब अंतरावर एकमेकींकडे तोंड करून उभ्या असतात. दहांपैकी नऊ कुटुंबं हा प्रयोग चुकीचा करतात. मूल दुसऱ्या थाळीकडे बघून ओरडतं, पलीकडे उभे बाबा "ऐकू आलं!" म्हणतात, आणि ते ऐकू येतं साध्या हवेतूनच. खरी रीत उलटी आहे. बोलणाऱ्याने आपल्या थाळीकडे तोंड आणि पलीकडच्याकडे पाठ करायची. थाळीसमोर एक कडं किंवा खूण असते, त्या ठिकाणी ओठ आणायचे आणि कुजबुजायचं. ऐकणाऱ्याचा कान त्याच्या थाळीच्या खुणेवर. दोघांच्या पाठी एकमेकांकडे. ओठांपासून निघालेला आवाज थाळीवर आपटून सरळ रेषेत, न पसरता पलीकडे जातो आणि तिथली थाळी तो पुन्हा एका बिंदूवर गोळा करते. म्हणून खुणेपासून वीतभर सरकलं तरी आवाज नाहीसा होतो. मुलाची उंची खुणेपर्यंत पोहोचत नसेल तर त्याला उचलून धरा, टाचा उंच करून उभं मूल हलतं आणि बिंदू चुकतो. जमलं की त्याचा चेहरा बघा. बाबा इतक्या लांब, पाठमोरे, आणि आवाज मात्र कानात बोलल्यासारखा. मग मुलाला एकदा त्याच जागी, पण थाळीकडे पाठ करून, तितक्याच हळू बोलायला सांगा. काहीच ऐकू येत नाही. हा दुसरा भाग केल्याशिवाय थाळीचं काम त्याला पटत नाही.

वीज निर्माण करणारी सायकल किंवा हाताने फिरवायचा दांडा. इथे सगळे वेगात पायडल मारतात, दिवा लागतो, टाळ्या, पुढे. महत्त्वाचं ते राहून जातं. मोठ्या माणसाने एका लयीत पायडल मारत राहायचं आणि मुलाने दिव्याचं बटण चालू-बंद करायचं, असं करा. दिवा बंद असताना पाय हलका चालतो. मुलाने दिवा लावला रे लावला की तेच पायडल जड होतं, जणू कुणी मागून सायकल धरली. आता जागा बदला, मूल पायडलवर आणि बटण तुमच्या हातात. डोळे मिटून त्याला सांगू दे, दिवा कधी लागला. ते दर वेळी बरोबर सांगतं, कारण त्याच्या मांड्यांना कळतं. साध्या 60 वॅटच्या बल्बला काही मिनिटं तेवत ठेवायला धडधाकट माणसाला घाम फुटतो. तेवढाच उजेड देणाऱ्या एलईडीला 9 वॅटच्या आसपास पुरतात. विजेचं बिल म्हणजे काय हे सांगायला याहून सोपी जागा नाही. सातेक वर्षांखालच्या मुलांचे पाय बहुधा पायट्यापर्यंत पोहोचत नाहीत. त्यांना सीटवर लटकत बसवू नका, त्यांना बटणाचं काम द्या.

हवेत तरंगणारा चेंडू. खालून हवेचा झोत येतो आणि चेंडू त्यात डोलत राहतो. मुलं तो झडप घालून पकडतात. त्याऐवजी एका बोटाने चेंडूला अगदी हळू झोताच्या बाहेर ढकलायला सांगा. चेंडू परत आत येतो. पुन्हा ढकला, पुन्हा येतो. झोत चेंडूच्या गोलाईला चिकटून वळतो. हवा ज्या बाजूला वळते त्याच्या उलट बाजूला चेंडू ढकलला जातो, आणि म्हणून तो झोतातच राहतो. झोताची नळी तिरकी करता येत असेल तर हळूहळू कलती करा आणि चेंडू कधी पडतो ते बघा. मोठ्या मुलांना विचारा, मोठा चेंडू जास्त कललेल्या झोतात टिकेल की लहान? हॉटेलात हेअर ड्रायर असेल तर रात्री हाच प्रयोग होतो: ड्रायर थंड हवेवर ठेवायचा आणि टेबल टेनिसचा चेंडू घ्यायचा, 40 मिलिमीटर व्यासाचा, 2.7 ग्रॅमचा. गरम हवेवर ठेवलात तर चेंडू मऊ पडून वाकडा होईल.

चढावर चढणारा दुहेरी शंकू (बुडाला बूड जोडलेले दोन शंकू) बघताना मुलाची उंची उपयोगाची ठरते. दोन रुळ एका बाजूला जवळ आणि दुसऱ्या बाजूला लांब-लांब असतात, आणि लांब असलेली बाजू उंच असते. शंकू त्या उंच बाजूकडे आपोआप घरंगळतो. उभ्याने बघणाऱ्या मोठ्यांना ही जादू वाटते. मुलाला खाली बसवा, डोळे शंकूच्या मधल्या आसाच्या पातळीवर आणायला सांगा आणि आसाच्या टोकाशी पेन्सिल धरा. शंकू "चढतो" तेव्हा आस मात्र खाली सरकतो, पेन्सिलीशी ताडून बघितलं की ते स्पष्ट दिसतं. रुळ लांब होत गेले की शंकू त्यांच्या मधे बुडत जातो, आणि चढ जितका असतो त्याहून जास्त तो बुडतो. घरी करायचं तर दोन सारखी नरसाळी तोंडाला तोंड लावून टेपने चिकटवा. दोन काठ्या व्ही आकारात ठेवा, उघड्या टोकाचं अंतर जोडलेल्या नरसाळ्यांच्या लांबीपेक्षा थोडं कमी ठेवा, आणि ते टोक एखाद-दोन सेंटिमीटर उचला. जास्त उचललंत तर नरसाळी सरळ खाली येतील, हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे निराशा नको.

लंबकासमोर वही-पेन्सिल काढा. दहा झोके मोजायचे, एकूण सेकंदांना दहाने भागायचं. एकच झोका मोजला तर बोटाचीच चूक मोजली जाते. दोरी एक मीटर असेल तर जाऊन-येऊन एका झोक्याला जवळजवळ 2 सेकंद लागतात. दोरी पाव मीटर केली तर 1 सेकंद. म्हणजे वेळ अर्धा करायचा तर दोरी चौथाई करावी लागते. खाली लोंबतं ते कुलूप असो की चावी, वजनाने फरक पडत नाही. हे बहुतेक मुलांना पटत नाही, आणि ते न पटणं फार चांगलं आहे. संध्याकाळी खोलीवर पडद्याच्या दांडीला दोरी बांधून त्यांनी स्वतः तपासावं.

हसरे आरसे, सावल्यांची भिंत, खिळ्यांचा पडदा, हे तीन-चार वर्षांच्या पोरांसाठी. त्यांना प्रश्न विचारत बसू नका. आरशासमोर पुढे-मागे चालायला सांगा. आत वळलेल्या आरशात जवळून चेहरा मोठा दिसतो आणि लांब गेल्यावर माणूस उलटा होतो, एवढ्यावर ती वीस मिनिटं खुश असतात. सावल्यांच्या भिंतीवर मात्र एक युक्ती: दिवा लखकन चमकायच्या आधी अंग भिंतीला चिकटलेलं हवं आणि चमकेपर्यंत हलायचं नाही. भिंतीपासून फूटभर लांब उभं राहिलं की सावलीची कड पुसट येते. हिरव्या चमकत्या भिंतीवर काळी सावली मागे राहते कारण जिथे उजेड पडला तेवढाच रंग उजेड साठवून परत देत असतो. थोड्या वेळात ती विरते, तोवर पुढच्याची पाळी थांबवा.

फिरत्या तबकडीवर जेवणानंतर लगेच कुणालाही चढवू नका. हात पसरून बसायचं, दुसऱ्याने हळू फिरवायचं, मग हात छातीशी घ्यायचे. वेग वाढतो. उतरताना मुलाला दहा सेकंद बसूनच राहू द्या आणि खांदे धरा. कानातलं पाणी अजून फिरत असतं, त्यामुळे ते चक्कर येऊन सरळ पुढच्या काचेवर जातं.

दोन मुलांमागे एक मोठं माणूस असावं. त्याहून कमी असतील तर एक मूल नेहमी भलत्याच दालनात असतं. आणि मोबाईलवर व्हिडिओ घेण्याचा मोह आवरा: दांडा फिरवायला, थाळीशी कान लावायला दुसरा माणूस लागतोच, आणि तो तुम्ही आहात.

बाहेर, उन्हात

विज्ञान उद्यानातली उपकरणं धातूची असतात. मार्च ते मे या काळात दुपारी दोनला तापतात, घसरगुंडी तर चटका देते. हाताची मागची बाजू लावून बघा आणि मगच मुलाला बसवा. चारनंतर बाहेर पडलात तर सावलीही असते.

सूर्यघड्याळ दिसलं तर थांबाच. ते नेहमी "चुकलेलं" असतं, आणि बहुतेक लोक ते मोडलंय असं समजून पुढे जातात. ते मोडलेलं नसतं. आपली घड्याळं 82.5 अंश पूर्व रेखांशावरच्या वेळेने चालतात. पणजी आहे 73.8 अंशांवर. फरक सुमारे 8.7 अंशांचा, आणि सूर्याला एक अंश जायला 4 मिनिटं लागतात. म्हणजे पणजीत सूर्य आपल्या मनगटी घड्याळाच्या जवळपास 35 मिनिटं मागे असतो. तबकडीवर या फरकाची दुरुस्ती करून आकडे मांडलेले नसतील तर सूर्यघड्याळ तेवढं मागे दाखवणारच. शिवाय पृथ्वीची कक्षा गोल नाही आणि तिचा आस कललेला आहे, त्यामुळे वर्षभरात यात आणखी कमी-जास्त होतं: नोव्हेंबरच्या सुरुवातीला फरक 18-19 मिनिटांवर येतो, फेब्रुवारीच्या मध्याला 49 मिनिटांपर्यंत जातो. दहा-बारा वर्षांच्या मुलाला वहीत दोन्ही वेळा लिहायला सांगा आणि वजाबाकी त्यालाच करू द्या. पुण्या-मुंबईच्या मुलांनी घरी परतून तिथल्या सूर्यघड्याळावर हेच करावं. मुंबईत रेखांशाचा फरक थोडा वेगळा येईल, पुण्यात जवळजवळ पणजीइतकाच.

सूर्यघड्याळाची तिरकी पट्टी जमिनीशी जो कोन करते तो त्या गावाचा अक्षांश असतो. पणजीचा साडेपंधरा अंश. हा कोन लक्षात ठेवा, रात्री तो पुन्हा लागेल. आणि मे महिन्याच्या 2-3 तारखेच्या सुमाराला गोव्यात असाल तर दुपारी साडेबाराच्या आसपास उभ्या काठीची सावली काठीखालीच गडप होते. ऑगस्टच्या 10 तारखेच्या सुमारालाही होते, पण तेव्हा सूर्य ढगांआड असतो.

अंधारातले खेळ

थ्रीडी चष्मा चार वर्षांखालच्या मुलाच्या नाकावरून घसरतो. हाताने धरून बसावं लागतं आणि ते मूल कंटाळतं, त्याचं तिकीट काढण्यात अर्थ नाही. मोठ्यांना सांगा, मान कलती करू नका. अनेक ठिकाणचे चष्मे असे असतात की मान वाकडी केली की दोन्ही डोळ्यांची चित्रं एकमेकांत मिसळतात आणि सगळं दुहेरी दिसतं. मळमळलं तर चष्मा काढून स्वतःच्या गुडघ्याकडे बघायचं.

लहान केंद्रांतलं तारांगण बऱ्याचदा हवेने फुगवलेल्या घुमटाचं असतं. वाकून आत शिरायचं, जमिनीवर बसायचं. अंधाराला भिणाऱ्या मुलाला दाराजवळ, तुमच्या मांडीवर घ्या आणि दिवे जाण्याआधीच सांगा की आता पूर्ण काळोख होईल. अचानक झालेला काळोख त्याला घाबरवतो, सांगून झालेला नाही. मोबाईल खिशात बंद. एका पडद्याच्या उजेडाने सगळ्यांचे सरावलेले डोळे वाया जातात. आज रात्रीचं आकाश दाखवताहेत का ते विचारा, आणि दाखवत असतील तर एकच गोष्ट मुलाच्या लक्षात राहू द्या: ध्रुव कुठे शोधायचा.

एखादा दिवस हाती असेल तर

पणजीतच मांडवीच्या काठावर निळ्या रंगाच्या जुन्या इमारतीत सीमाशुल्क आणि जीएसटी खात्याचं "धरोहर" संग्रहालय आहे, सध्याच्या रूपात 2022 मध्ये खुलं झालेलं. तस्करांनी माल लपवायच्या काय काय युक्त्या केल्या हे बघायला नऊ-दहा वर्षांवरच्या मुलांना फार आवडतं. दाबोळी विमानतळाजवळ, बोगमाळोच्या रस्त्यावर नौदलाचं विमान संग्रहालय आहे. सोमवारी बंद असतं. विमानं उघड्यावर उभी असल्याने तिथे सकाळीच जा. बाणावलीचं गोवा चित्र जुन्या शेतीच्या अवजारांसाठी. तिथे माहिती सांगणाऱ्याबरोबर फिरायचं असतं, म्हणून पाच वर्षांखालच्या मुलाला सोबत नेऊ नका. जुन्या गोव्यातलं पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय शुक्रवारी बंद. ते शांतपणे बघायचं आहे, विज्ञान केंद्राच्याच दिवशी त्याला जोडू नका, मुलांचे हात अजून शिवशिवत असतात.

संध्याकाळी

केंद्रातून साडेपाचच्या आत बाहेर पडा आणि चालत किनाऱ्यावर या. वाटेत भाऊसाहेब बांदोडकरांची समाधी लागते. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री, हे मुलांना सांगून ठेवा. सूर्यास्त डिसेंबरात सहाच्या सुमाराला, मे महिन्यात सातच्या सुमाराला. पाण्यात पाय भिजवायचे, पोहायचं नाही. मांडवी इथे समुद्राला मिळते आणि भरती-ओहोटीची ओढ वरून दिसत नाही. जीवरक्षकाने शिट्टी मारली की लगेच मागे यायचं. लाल बावटा असेल तर पायसुद्धा नको.

आकाश निरभ्र असेल तर अंधार पडल्यावर तासभर थांबा. मांडवीच्या पलीकडे रेइश मागूशचा किल्ला आहे, मिरामारवरून तो जवळजवळ नेमका उत्तरेला येतो. मुलाने हात सरळ लांब करून मूठ वळायची. लांब केलेल्या हाताची मूठ आकाशात साधारण 10 अंश व्यापते, आणि मुलाची मूठ लहान तसा हातही आखूड, त्यामुळे हिशेब त्याचाही तोच. क्षितिजावर एक मूठ, तिच्यावर अर्धी. साडेपंधरा अंश. सूर्यघड्याळाच्या पट्टीचा तोच कोन. तिथे एक मध्यम तेजाचा, एकटा तारा दिसतो तो ध्रुव. सर्वांत तेजस्वी तारा शोधत बसलात तर चुकाल. पलीकडच्या दिव्यांचा उजेड आणि खाऱ्या हवेचा धूसरपणा यामुळे गोव्यात तो पटकन दिसत नाही, पाच मिनिटं द्या.

घरी गेल्यावर गच्चीवरून पुन्हा मोजायला सांगा. मुंबईत तो गोव्यापेक्षा दोन बोटं वर असतो, नागपुरात तीन.